पैठणचे भट्ट, वेरूळचे भोसले : वंशावळ लिहिणाऱ्यांची गोष्ट

१/
छत्रपती संभाजीनगर शहराच्या वायव्येला सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ आहे आणि दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पैठण. एका गावात पाटीलकी करणारे भोसले राहत होते, दुसऱ्यात वेदशास्त्र शिकवणारे भट्ट. सोळाव्या-सतराव्या शतकांत ही दोन्ही घराणी आपापल्या वाटांनी बाहेर पडली. एक पुण्या-बंगळुराकडे गेले, दुसरे काशीला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर ती एकमेकांसमोर उभी राहिली. भोसल्यांचे शिवाजीराजे सिंहासनावर बसत होते आणि भट्टांचे गागाभट्ट त्या अभिषेकाला शास्त्राचा आधार देत होते. या प्रसंगाच्या मुळाशी एक प्रश्न होता : वंश कोणता?

२/
भोसल्यांच्या वंशावळीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याने ती तपासली त्या गागाभट्टाच्या घरी स्वतःच्या कुळाचा लेखी इतिहास होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. गागाभट्टाचे चुलत आजोबा शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. घराण्याचे गोत्र विश्वामित्र. विश्वामित्राचा पिता गाधि. म्हणून हे नाव. आपल्याच कुळाची कहाणी आपल्याच हाताने लिहून ठेवणारा हा मूळचा मराठी मुलखातला, काशीतला वंशलेखक.

३/
त्या ग्रंथातली कथा पैठणच्या रामेश्वरभट्टापासून आकार घेते. रामेश्वरभट्ट विद्वान अध्यापक होते. त्यांची भ्रमंती विजयनगर, द्वारका अशी दूरवर झाली आणि अखेरीस ते कुटुंबासह काशीला स्थायिक झाले. पुत्र नारायणभट्टाचा जन्म शके १४३५ च्या चैत्रातला, म्हणजे १५१३ सालचा. शंकरभट्ट हा याच नारायणभट्टाचा मुलगा. म्हणजे ग्रंथकार आपल्या बापाची आणि आजोबाची गोष्ट सांगतो आहे. त्यातली बरीचशी त्याने घरातच ऐकलेली असणार.

४/
नारायणभट्टाने काशीत घराण्याचे नाव रुजवले. प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांच्या विधींवरचा त्याचा ‘त्रिस्थलीसेतु’ पुढे प्रमाणग्रंथ ठरला. तोडरमलाच्या घरी श्राद्धप्रसंगी झालेल्या वादात त्याने पूर्वेकडच्या पंडितांना जिंकले, असे गाधिवंशानुचरित सांगते. काशीच्या विश्वेश्वर मंदिराच्या पुनर्बांधणीशीही त्याचे नाव जोडलेले आहे. ते मंदिर १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी नारायणभट्टाचा पणतू रायगडावर होता.

५/
नात्यांचा क्रम असा : नारायणभट्टाचे पुत्र रामकृष्ण आणि शंकर. रामकृष्णाचे पुत्र दिनकर आणि कमलाकर. दिनकराचा पुत्र विश्वेश्वर. ‘गागा’ हे त्याचे घरातले लाडके नाव, आणि इतिहासात तेच टिकले. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा. सणवार आणि व्रतांच्या तिथी ठरवताना तो आजही उघडला जातो. शंकरभट्टाचा पुत्र नीलकंठ याने ‘व्यवहारमयूख’ रचला. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदूंच्या वारसाहक्काचे निवाडे देताना याच ग्रंथाचा आधार घेत. कोण कोणाचा वारस, या प्रश्नाशी पैठणच्या या घराण्याचा संबंध असा पिढ्यान्‌पिढ्या राहिला.

६/
गाधिवंशानुचरित म्हणजे निःपक्षपाती चरित्र नव्हे. पुत्राने पित्याचा गौरव करण्यासाठी ते लिहिले आहे. त्यातले वादविजय आणि चमत्कार जपूनच वाचावे लागतात. परंतु गौरवाच्या ओघात शंकरभट्ट जन्माचा महिना सांगतो, प्रवासाचे टप्पे सांगतो, कोण कोणाजवळ शिकले ते सांगतो. १९१२ साली हरप्रसाद शास्त्री यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त काशीतील दाक्षिणात्य पंडितांवर लेख लिहिला तेव्हा त्यांना उपयोगी पडला तो हाच तपशील. पुढे १९२६ मध्ये पां. वा. काणे यांनी व्यवहारमयूखाची आवृत्ती सिद्ध करताना या घराण्याचा वंशवृक्षही मांडला.

७/
आता वेरूळ. बाबाजी भोसले हे पाटील. त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी निजामशाहीच्या चाकरीत चढले. मालोजींनी वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूरला तळे बांधले. मालोजींचे पुत्र शहाजी, शहाजींचे शिवाजी. इथपर्यंतची साखळी भक्कम आहे, कारण ती वतनाच्या, चाकरीच्या आणि बांधकामाच्या कागदांवर उभी आहे. बाबाजींच्या मागे जाऊ लागले की हे कागद विरळ होत जातात आणि त्यांची जागा काव्य, बखर व परंपरा घेतात.

८/
१६७४ साली नेमका हाच विरळ भाग महत्त्वाचा ठरला. वेदोक्त अभिषेकासाठी राजा क्षत्रिय असणे शास्त्रदृष्ट्या आवश्यक मानले जाई. १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की वंशाचा शोध केला तेव्हा राजे शुद्ध क्षत्रिय, उत्तरेकडून आलेल्या शिसोद्यांच्या कुळातले असल्याचे आढळले. आधी राजांची मुंज झाली, मग अभिषेक. पाठोपाठ त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरींकडून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेकही झाला.

९/
‘वंशावळ तेव्हाच रचली गेली’ असे एक सोपे विधान नेहमी ऐकू येते. ते टिकत नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारातील जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त भोसल्यांचे नाते उदेपूरच्या राण्यांच्या कुळाशी जोडलेले आहे, आणि शहाजीराजे तर १६६४ सालीच निवर्तले. दावा राज्याभिषेकाच्या आधीचा होता, एवढे यावरून सिद्ध होते. दावा खरा होता, हे मात्र सिद्ध होत नाही. इतिहासाच्या नव्या वाचकाने या दोन वाक्यांमधले अंतर आधी शिकावे.

१०/
पुढेही शोध थांबला नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याजवळचे बहामनी काळातले म्हणून सांगितले जाणारे फर्मान पुढे आले. त्यांच्या अस्सलपणावर तज्ज्ञांत वाद झाला. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात उलट दिशा दाखवली आणि भोसल्यांचे मूळ दक्षिणेत, होयसळांशी जोडून पाहिले. तिकडे तंजावरला सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मेवाड, कर्नाटक, तंजावर : एकाच कुळाच्या वृक्षाला प्रत्येकाने वेगळ्या मातीत रोवून पाहिले.

११/
पैठणच्या आणि वेरूळच्या या दोन वंशकथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. दोन्हींचा वरचा टोकाचा भाग आकाशात आहे. एकीकडे गाधि आणि विश्वामित्र, दुसरीकडे सूर्यवंश. दोन्हींचा खालचा भाग जमिनीवर आहे : कोणी कोठे राहिले, कोणाजवळ शिकले, कोणती पाटीलकी सांभाळली, कोणते तळे बांधले. वरचा भाग त्या काळाला काय हवे होते ते सांगतो. खालचा भाग घडले काय ते सांगतो. दोन्ही इतिहासाची साधने आहेत. फक्त ती निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

१२/
या दोघांखेरीज वंश लिहिणारा तिसरा एक वर्ग पैठणातच होता, आणि अजूनही आहे : तीर्थोपाध्याय. जालन्याच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज पैठणला थांबले आणि त्यांनी तेथील कावळे यांना राजघराण्याचे तीर्थोपाध्याय नेमले, अशी नोंद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. त्या आशयाच्या सनदेचाही तेथे उल्लेख आहे. गोदाकाठी येणाऱ्या यजमानाला उपाध्ये आडनाव, मूळ गाव आणि गोत्र विचारतात, वही काढतात आणि त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवतात. मग नव्या पिढीची नावे तिथेच खाली चढतात आणि यजमान सही करतो.

१३/
या वह्यांचे एक वैशिष्ट्य छापील कुलवृत्तांतांच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावे. कुलवृत्तांतातला वृक्ष बहुधा पुरुषांचा असतो. मुली दुसऱ्या घरी जातात आणि कागदावरूनही जातात. श्राद्धाचा संकल्प मात्र वेगळा आहे. त्यात पिता, पितामह, प्रपितामह यांच्यासोबत माता, पितामही, प्रपितामही यांची नावे उच्चारावी लागतात, आणि आईच्या वडिलांची परंपराही. म्हणून विधीच्या गरजेपोटी जपलेल्या टिपणांत एखाद्या पणजीचे नाव सापडण्याची शक्यता असते, जे घरातल्या कोणत्याही सनदेत नसते. वंशाचा अभिमान ज्या नावांना विसरला, ती नावे कधी कधी पिंडदानाने राखली.

१४/
मग असे कागद इतिहासाच्या हाती इतके उशिरा का आले? त्याचे मोठे कारण भीती. घरातला कागद म्हणजे वतनाचा पुरावा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला दख्खनमधील इनामांची छाननी करण्याचे अधिकार मिळाले आणि पुरावा अपुरा ठरलेली इनामे खालसा झाली. त्यानंतर परक्या माणसाला दप्तर दाखवणे धोक्याचे वाटू लागले. कागद माळ्यावर गेले, फडताळात गेले, पेटीच्या तळाशी गेले. तिथे ते सरकारपासून वाचले, परंतु कसर आणि वाळवी यांना कोणी अडवले नाही.

१५/
ही भीती मोडून काढण्याचे काम विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, पानिपताच्या घडामोडींवर प्रकाश टाकणारी पत्रे होती. या मालिकेचे एकूण २२ खंड झाले. गावोगाव हिंडून, दारोदार विनवण्या करून, मिळेल तिथे मुक्काम करून त्यांनी हे कागद गोळा केले. लेखन त्यांनी मराठीतच केले. पराधीन देशाने आपला इतिहास आपल्या कागदांवरून आणि आपल्या भाषेत लिहावा, हा त्यामागचा आग्रह होता.

१६/
७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. देशाभिमानातून जन्मलेली ही संस्था. याच सुमारास जगात अन्यत्रही अशा संस्था उभ्या राहत होत्या. अमेरिकेत १८९० साली ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही संस्था निघाली. तिचे सभासद होण्यासाठी स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावणाऱ्या पूर्वजापर्यंतची आपली वंशावळ कागदानिशी सिद्ध करावी लागते. पुण्याच्या मंडळाने पूर्वज मागितला नाही, कागद मागितला. ज्याच्या घरी दप्तर आहे त्याने ते आणावे, ज्याला वाचता येते त्याने वाचावे. मोडी बखरींचे आणि पत्रांचे रुमाल तिथे जमू लागले ते या मागणीमुळे.

१७/
तरीही वंशाचा अभिमान या चळवळीच्या बाहेर राहिला नव्हता. १८९९ पासून कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटले. छत्रपतींच्या घरात वेदमंत्रांनी विधी करण्यास पुरोहिताने नकार दिला, आणि १६७४ चा प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला. शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या लोकमान्य टिळकांनी या वादात ‘केसरी’तून वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिले. गागाभट्टाने दिलेला निर्णय, रायगडावरचा अभिषेक, बखरीतली साक्ष, हे सारे असूनही शाहू महाराजांना तो हक्क झगडून मिळवावा लागला. वंशावळ सिद्ध झाली तरी समाजाचे मन वळतेच असे नाही, हे त्या वेळी उघड झाले.

१८/
राजवाडे स्वतः १९२२ मध्ये ‘राधामाधवविलासचंपू’ संपादून छापतात आणि त्याला दीर्घ प्रस्तावना जोडतात. त्यांची समाजविषयक मते आज अनेकांना खटकतील, आणि खटकावीत. मंडळाशीही मतभेद होऊन ते दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ ला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी धुळ्यात संशोधन मंदिर उभे राहिले. त्यांची अनुमाने पुढच्या पिढीने खोडली; त्यांनी वाचवलेले कागद कोणी खोडू शकले नाही. जयरामाचा चंपू त्यांनी छापला म्हणूनच आज त्यांच्या मतांविरुद्ध वाद घालण्याचे साधनही हाती आहे.

१९/
मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी पडते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे एकाच घरातले कागद दोन लिप्यांत आणि तीन भाषांत सापडतात : जुने फार्सी, व्यवहारातले मोडी आणि सरकारी उर्दू. नातवाला यांपैकी एकही वाचता येत नाही. आपल्याच पणजोबाची सही त्याला नक्षीसारखी दिसते. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्यासारख्या संग्राहकाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू शासकीय संग्रहालयात पोचल्या आणि वाचल्या. घरोघरच्या पेट्यांना तसे भाग्य सहसा लाभत नाही.

२०/
या पेट्या गेल्या काही वर्षांत अचानक उघडू लागल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटिअरचा आधार आला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली, तहसीलचे जुने दप्तर झाडले गेले, आजोबांच्या ट्रंका अंगणात आल्या. त्या मागणीविषयी मते काहीही असोत. वंशावळीच्या कागदावर माणसांचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असू शकते, हे या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

२१/
यात एक विलक्षण उलट फेर आहे. १६७४ साली वरचे टोक महत्त्वाचे होते : कुळ सूर्यापर्यंत पोचते का? आज खालचे टोक महत्त्वाचे झाले : पणजोबाच्या नावापुढे गावच्या कारकुनाने कोणता शब्द लिहिला? प्रश्न बदलला, पण पूर्वजाकडून हवे तेच उत्तर काढून घेण्याचा मोह बदललेला नाही. म्हणूनच ज्या नोंदीला आपण काहीतरी सिद्ध करणार आहोत याची कल्पनाच नव्हती, ती नोंद सर्वांत विश्वासार्ह. खतावणीतला आकडा, वहीतले आजीचे नाव, तळे बांधल्याचा खर्च, हे कोणाला प्रभावित करण्यासाठी लिहिलेले नसते.

२२/
ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी. कागद लॅमिनेट करू नयेत. ते पुन्हा मोकळे करता येत नाहीत. एका रुमालातले कागद वेगवेगळे करू नयेत. शेजारचा कागदच बहुधा न वाचता येणाऱ्या कागदाचा अर्थ सांगतो. सावलीतल्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि कागद कोणाकडे, कोणत्या पेटीत होता ते लिहून ठेवावे. मोडी शिकावी; काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येऊ लागते. आणि घरात आजी असेल तर तिच्या आईचे, आजीचे नाव आजच विचारावे. ते विचारायला उद्या कोणी उरेल याची खात्री नसते.

२३/
शंकरभट्टाने काशीत बसून पैठणची आठवण लिहिली, तेव्हा त्याला पित्याचे यश सांगायचे होते. आज ते यश थोडे अलिप्तपणेच वाचले जाते. परंतु चैत्रात जन्मलेले ते मूल, वाटेवरची ती माणसे आणि काशीला निघालेले ते कुटुंब त्याच्यामुळेच आठवणीत राहिले. वेरूळला मालोजींच्या गढीचे अवशेष आहेत, पैठणला घाटावर वह्या आहेत. दोन्ही ठिकाणी जाऊन यायला एक दिवस पुरतो. जाताना आपल्या पणजीचे नाव माहीत करून घेऊन जावे. वही उघडल्यावर विचारायला काहीतरी हवे.

(थ्रेड समाप्त)